“दिवसभर पॉलिगॉनच काढायचेत ना?” या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी उठून परत वाचली, आणि दोन ओळीत “धन्यवाद” लिहून मोकळं होणं बरोबर नाही असं वाटलं म्हणून हे सविस्तर लिहितेय. ज्यांनी आधीचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, मी जीआयएस (म्हणजे नकाशे आणि जागेशी जोडलेली माहिती कॉम्प्युटरवर हाताळणं) आणि सॅटेलाइट डेटाच्या क्षेत्रात कुठली कुठली कामं असतात, पूर, शेती, विमा, आरोग्य यात त्याचा काय उपयोग होतो, असं लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत (पॉलिगॉन म्हणजे इमेजवर दिसणाऱ्या इमारतीभोवती माउसने काढलेली बंद रेघ), “तीन वर्षं या लाइनमध्ये आहे, तुम्ही म्हणता तसलं काही नसतं. दिवसभर बिल्डिंगचे पॉलिगॉन काढायचे, टार्गेट मारायचं, घरी जायचं. आता तेही एआय करायला लागलंय. पोरांना खोटी स्वप्नं दाखवू नका, कोडिंग येत असेल तर सरळ आयटीत जा म्हणावं.”

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. माझ्या लेखात पहिल्या दोन-तीन वर्षांबद्दल एक ओळ नव्हती, सगळं एकदम वरच्या पायरीवरून लिहिलं होतं, आणि ते वाचून एखाद्या पोराला वाटेल की कोर्स केला की लगेच पुराचे नकाशे करायला बसायचं. तसं होत नाही. बहुतेकांची सुरुवात तुमच्यासारखीच होते, टार्गेट, क्यूसी म्हणजे कामाची तपासणी, परत आलेली फाइल, परत टार्गेट. पगारही सुरुवातीला कमीच असतो, कारण जिथे नगावर काम मोजतात तिथे माणसाचं डोकं कुणी मोजत नाही. हे लिहायला हवं होतं, राहिलं, माझी चूक.

पण “तसलं काही नसतं” हे मला मान्य नाही, आणि का नाही ते सांगायला मला माझ्याच पहिल्या नोकरीत जावं लागेल.

मीपण दोन वर्षं बिल्डिंगच काढत होते. डेटा कुठे जातो, कोण वापरतो, आम्हाला कुणी सांगायचं नाही, आणि याचा राग मला अजून आहे, कारण सांगितलं असतं तर निम्म्या चुका झाल्याच नसत्या. एकदा एक अख्खा ब्लॉक क्लायंटकडून परत आला, शेरा काय तर उंच इमारती रस्त्यात आल्यात. मला पटेचना, मी छताची कड अगदी पिक्सेलला पिक्सेल धरून काढली होती. आमच्या सिनियर मॅडम शेजारी खुर्ची ओढून बसल्या, झूम केलं आणि म्हणाल्या, “छत बघू नकोस, भिंत जमिनीला कुठे टेकतेय ते बघ.” तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं की प्रत्येक उंच इमारतीची एकाच बाजूची भिंत फोटोत दिसतेय, म्हणजे सॅटेलाइटने फोटो डोक्यावरून घेतलेलाच नव्हता, तिरका घेतलेला होता. ३० मीटर उंचीची इमारत आणि २५ अंश तिरका कॅमेरा धरला तर छत पायापासून जवळजवळ १४ मीटर सरकलेलं दिसतं. १४ मीटरमध्ये रस्ता आला की हो आख्खा! मग मॅडमनी दाखवलं, छताचा आकार काढायचा आणि तो आकार तसाच उचलून भिंतीच्या पायथ्याशी आणून ठेवायचा. दोन सेकंदाचं काम आहे. पण त्या दिवसापासून मी कुठलीही इमेज उघडली की आधी तिची मेटाडेटा फाइल उघडायला लागले, कोन किती, तारीख काय, सूर्य कुठे होता. माझं करिअर तिथून सुरू झालं असं मी मानते, नोकरी लागली त्या दिवशी नाही.

तुम्ही म्हणता ते पॉलिगॉन काढणं आणि मी म्हणते ते काम, यात माउस तोच असतो. फरक एवढाच की ही रेघ पुढे कोण वापरणार हे तुम्हाला माहीत आहे की नाही. पाण्याच्या पाइपलाइनचं घ्या. दोन लाइन स्क्रीनवर जुळलेल्या दिसतात, झूम केलं की मध्ये पाच सेंटिमीटरची फट, कारण काढणाऱ्याने स्नॅप, म्हणजे रेघांची टोकं आपोआप जुळवणारी सोय, चालू केलं नव्हतं. कागदावर छापला तर नकाशा उत्तम दिसेल. पण रात्री पाइप फुटला आणि कुठले व्हॉल्व्ह बंद करायचे ते सॉफ्टवेअरला विचारलं, तर सॉफ्टवेअरच्या लेखी तिथे लाइन संपलेली आहे, पुढचा व्हॉल्व्ह ते दाखवणारच नाही. मग माणसं चुकीचा व्हॉल्व्ह बंद करतात आणि पाणी वाहत राहतं. युटिलिटीच्या (पाणी, वीज अशा सेवांच्या) जीआयएसमध्ये काम करणारा चांगला माणूस अशा फटी शोधण्यातच आयुष्य घालवतो, आणि अशा माणसाला कंपन्या सहजासहजी सोडत नाहीत.

आणि नुसतं डिजिटायझिंग, म्हणजे इमेजवरून रेघा काढणं, तरी हलकं कसं म्हणायचं? १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सचा धड रस्त्यांचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर) नव्हता. जगभरातल्या शेकडो लोकांनी घरी बसून, नव्याने खुल्या झालेल्या सॅटेलाइट इमेजवरून, रस्ते, पडलेल्या इमारती, तंबूंच्या छावण्या काढल्या, आणि तो नकाशा मदत पथकांनी आपल्या जीपीएसवर घेऊन वापरला. तेच पॉलिगॉन, त्याच रेघा! तुम्ही तीन वर्षं जे करताय तेच काम, फक्त त्या लोकांना माहीत होतं की पलीकडे कोण आहे.

आता एआयचं. इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्येच अमेरिकेतल्या साडेबारा कोटी इमारतींचे पॉलिगॉन मशीनकडून काढून फुकट देऊन टाकले, गुगलने २०२१ मध्ये आफ्रिकेतल्या पन्नास कोटींहून जास्त इमारतींचे दिले. इतके पॉलिगॉन हाताने काढायला किती माणसं आणि किती वर्षं लागली असती, तुम्हीच हिशोब करा. त्यामुळे नुसतं “छत दिसलं, क्लिक केलं” या कामाला पुढे भविष्य आहे असं मी कुणालाच सांगणार नाही. पण गुगलच्या त्या डेटात प्रत्येक इमारतीसोबत एक आकडा येतो, मशीनला किती खात्री आहे त्याचा. आता कुठल्या आकड्याखालचं टाकून द्यायचं? लोकसंख्येच्या अंदाजासाठी वेगळं उत्तर येईल, लसीकरणाच्या टीमला घरोघर पाठवायचं असेल तर वेगळं, कारण तिथे एक घर सुटणं हे एक जास्तीचं घर दाखवण्यापेक्षा वाईट. हा निर्णय मशीन घेत नाही, तो घेणारा माणूस लागतो आणि तो माणूस हजारो छतं डोळ्याखालून घातलेला असला तर सोन्याहून पिवळं. ते डोळे तुमच्याकडे आहेत.

पुराचं उदाहरण मी आधीच्या लेखात वरवर दिलं होतं, ते इथे नीट सांगते, कारण त्यात हे सगळं एकत्र येतं. पुराच्या दिवशी आकाशात ढग, म्हणून साध्या कॅमेऱ्याची इमेज कामाची नाही, रडारची घ्यायची, सेंटिनेल-१ या युरोपियन सॅटेलाइटची फुकट मिळते. रडार स्वतः लहरी सोडतं आणि परत आलेल्या मोजतं. शांत पाणी आरशासारखं असतं, लहरी पलीकडे उडवून देतं, परत काही येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. इतकं सोपं असेल तर काळं ते पाणी म्हणायचं आणि झालं. पण विमानतळाची धावपट्टीपण गुळगुळीत, तीपण काळी. वारा सुटला की पाण्यावर लाटा येतात आणि पाणी उजळ दिसायला लागतं. आणि वस्तीत तर उलटच, लहर पाण्यावरून भिंतीवर, भिंतीवरून परत सॅटेलाइटकडे, म्हणजे बुडालेली वस्ती कोरड्या वस्तीपेक्षा जास्त चकाकते. जिथे माणसं अडकलीत तिथेच सोपा नियम फसतो! त्यात कुणीतरी रिपोर्ट देतं, आमच्या नकाशाची अचूकता ९५ टक्के. अहो, ९५ टक्के भाग कोरडाच असेल तर “कुठेही पूर नाही” असा कोरा नकाशा दिला तरी अचूकता ९५ टक्केच येते. बुडालेल्यातलं किती सापडलं आणि पूर म्हणून दाखवलेल्यातलं किती खरं निघालं, हे दोन आकडे वेगळे मागणारा माणूस टीममध्ये लागतो. रिमोट सेन्सिंग अॅनालिस्ट (सॅटेलाइट डेटाचा अर्थ लावणारा) म्हणजे माझ्या मते हाच माणूस.

शेतीतला एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. सेंटिनेल-२ या सॅटेलाइटच्या इमेजवरून पिकाचा हिरवेपणा मोजतात, एनडीव्हीआय, म्हणजे इन्फ्रारेड आणि लाल प्रकाशाच्या आकड्यांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज, तुम्हाला माहीत असेलच. आमच्याकडे एका मुलाने काही वर्षांचा आलेख काढला, आणि २०२२ च्या जानेवारीअखेर सगळी शेतं एकदम ढासळलेली. तो घाबरून आला, पीक गेलं म्हणाला. मी म्हटलं जंगलाचा आलेख काढ. जंगलही त्याच दिवशी ढासळलेलं. मग कळलं, त्या महिन्यात डेटा देणाऱ्यांनी प्रोसेसिंगची पद्धत बदलली आणि प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवले, ते आपण वजा करायचे असतात. लाल बँडचा ५०० चा १५०० झाला, इन्फ्रारेडचा ४००० चा ५००० झाला. वजाबाकी दोन्हीकडे ३५००च, पण बेरीज ४५०० ची ६५०० झाली, म्हणून ०.७८ चा एनडीव्हीआय ०.५४ वर आला. पिकाला काही झालं नव्हतं. काही प्लॅटफॉर्म हा फरक आपोआप काढून देतात, पण फाइल स्वतः डाउनलोड केली तर ते आपलं काम. हा आलेख तसाच पीकविम्यासाठी गेला असता तर? कोड बरोबर चालत होता, एकही एरर नव्हता.

म्हणूनच “सरळ आयटीत जा” याला माझं उत्तर असं आहे की ज्याला फक्त कोड लिहिण्यातच आनंद आहे त्याने खुशाल जावं, त्यात वाईट काही नाही. पण इथेपण पायथन लागतं, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लागतं, पोस्टजीआयएस (नकाशाचा डेटा साठवणारा डेटाबेस) लागतं, आणि वर पृथ्वी गोल आहे हे रोज लक्षात ठेवावं लागतं. चांगले चांगले डेव्हलपर वेब नकाशाच्या प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट पसरवायच्या पद्धतीत) क्षेत्रफळ मोजून मोकळे होतात, आणि ६० अक्षांशावर ते खऱ्याच्या चौपट येतं. ड्रोनवाले जीपीएसची उंची थेट समुद्रसपाटीची म्हणून धरतात, आणि हिंदी महासागराच्या एका भागात या दोन उंच्यांत शंभर मीटरच्या वर फरक आहे. ऑस्ट्रेलिया तर वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर सरकतोय, म्हणून त्यांना १९९४ ची कोऑर्डिनेट सिस्टीम (जागेचे आकडे मोजायची चौकट) बदलून २०२० ची आणावी लागली, तोवर जवळजवळ १.८ मीटरचा फरक पडला होता. कोड आणि हे ज्ञान एकाच डोक्यात असलेली माणसं कमी आहेत, एवढंच मला त्या लेखात म्हणायचं होतं.



आणखी एक, तुम्ही सॉफ्टवेअरची यादी दिलीत, हे येतं ते येतं. मी माणसं निवडायला बसते तेव्हा यादी शेवटी बघते. आधी विचारते, कुठला एक विषय तुम्हाला आतून कळतो? नदी, पीक, साथीचे रोग, वाहतूक, काहीही. जॉन स्नोने १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटजवळचे कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले तेव्हा तो नकाशावाला नव्हता, डॉक्टर होता, आणि कॉलरा पाण्यातून पसरतो हा संशय त्याच्या मनात आधीपासून होता, म्हणून त्याला तिथल्या पाण्याच्या पंपाभोवतीची मृत्यूंची गर्दी कळली. आज तर डेटाची अडचणच नाही. लँडसॅट या अमेरिकन सॅटेलाइटच्या १९७२ पासूनच्या इमेज २००८ पासून फुकट आहेत, सेंटिनेलच्या फुकट आहेत, क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. एखाद्या तळ्याची पन्नास वर्षं घरी बसून बघता येतात.

तुम्ही शेवटी विचारलंत, “मग मी आता करू तरी काय?” तो प्रश्न रागाने विचारलाय असं वाटलं, तरी मी त्याचं खरंच उत्तर देते. कंपनीचा डेटा बाहेर काढू नका, त्याची गरजही नाही. तुम्ही रोज पायी फिरता असा एक छोटा भाग घ्या, मशीनने काढलेले पॉलिगॉन आणि ओपनस्ट्रीटमॅप दोन्ही त्याच्यावर टाका. शंभर बिंदू निवडा, पण हाताने नको, रँडम पाडा, आणि प्रत्यक्ष जाऊन बघा की तिथे काय आहे. मशीनने काय चुकवलं, लोकांनी काय चुकवलं, झाडाखालचं घर कुणाला दिसलं, पत्र्याची शेड कुणी इमारत धरली, सगळं एका पानात लिहा. दोन रविवार लागतील. तुमच्या तीन वर्षांच्या क्यूसीच्या अनुभवामुळे चुका ओळखायला तुम्हाला नवख्यापेक्षा निम्मा वेळ लागेल, आणि ते एक पान मुलाखतीत सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलेल, निदान मी समोर बसलेली असेन तर नक्की.

झालं की मला पाठवा, मी बसून वाचेन आणि जे चुकलं असेल ते स्पष्ट सांगेन. फक्त कोऑर्डिनेट सिस्टीम कुठली वापरली आणि इमेजची तारीख काय, ते पहिल्याच ओळीत लिहा.