पाठमोरी पौर्णिमा

‘कंबरेचं सोडून डोक्याला गुंडाळणे’ हा वाक्प्रचार शाळेत मी वाक्यात उपयोग करून दाखवला होता. प्रत्यक्ष उपयोगाची वेळ हॉस्टेलच्या दुसऱ्या वर्षी आली. तेव्हाही गुंडाळलं काहीच नाही, नुसतं सोडलं.

समोरच्या विंगमधल्या पोरांनी आदल्या रात्री आमच्या गाद्या भिजवल्या होत्या. बदला घेणं भाग होतं. ठरलं असं की पाचजणांनी गॅलरीत रांगेनं उभं राहायचं, ‘तीन’ म्हटलं की पाठ फिरवायची, पायजमा खाली आणि वाकायचं. याला मूनिंग म्हणतात, म्हणजे चंद्र दाखवणे, आणि हा शब्द १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांनी रुळवला, हे ज्ञान आमच्यातल्या एका विद्वानाने पुरवलं. मी फसलो तो इथेच. ‘ढुंगण दाखवायचंय’ म्हणाला असता तर मी जागचा हललो नसतो. चंद्र म्हटल्यावर जरा काव्य वाटलं.

एक, दोन, तीन.

या खोडीतली मूळ खोट वाकल्यावर कळते. बाकी कुठलीही चेष्टा माणूस समोरच्याचं तोंड कसं होतं ते बघायला करतो. इथे नेमकी त्याच्याकडेच आपली पाठ! मेहनत आपली, लाज आपली, वारा लागतो तो आपल्याला, आणि तमाशा फुकटात त्याला. आपल्याला दिसतात ते आपलेच गुडघे. माझे काही बघण्यासारखे नाहीत. शिवाय किती वेळ थांबायचं हे कोणीच ठरवलेलं नसतं. लगेच आवरलं तर त्यांनी पाहिलंच नसेल अशी रुखरुख, आणि रेंगाळावं तर आपण इथे राहायलाच आलोय असं वाटायला लागतं.

मी हशाची वाट बघत राहिलो. हशा नाही, शिटी नाही. शेवटी मान तिरकी करून शेजारी पाहिलं तर चारही जागा मोकळ्या. मित्र ढुंगणाला पाय लावून पळाले होते, तेही व्यवस्थित झाकलेल्या. आणि समोरच्या गॅलरीतून, अगदी शांतपणे, वॉर्डन सरांचा आवाज आला, “पायजमा वर घे. सर्दी होईल.”

मी मागे वळून न बघता खोलीत शिरलो.

सकाळी ओळखपरेड झाली. अख्खा मजला रांगेत. सर एकेकाच्या तोंडाकडे बारकाईने बघत पुढे सरकत होते आणि त्यांची अडचण मला कळत होती. पुरावा ज्या बाजूला होता ती बाजू तपासायला मागणं त्यांच्या हुद्द्याला शोभणारं नव्हतं. मग सगळ्या मजल्याला शिक्षा मिळाली, आठवडाभर जिना झाडायचा. भिंतीला पाठ लावून झाडू मारणारा मी एकटाच होतो.

पकडला जाता जाता वाचलेला माणूस दाखले शोधायला लागतो, तसे मीही शोधले. एप्रिल १२०४ मध्ये चौथ्या क्रुसेडवाल्यांचा, म्हणजे धर्मयुद्धाला निघालेल्या ख्रिस्ती फौजेचा, हल्ला परतवून लावल्यावर कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) रक्षकांनी तटावरून विजार सोडून शत्रूला पार्श्वभाग दाखवले. तीनच दिवसांनी तोच शत्रू तट ओलांडून आत घुसला. पुढे १५२४ मध्ये वेराझानो हा इटालियन दर्यावर्दी आजच्या अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्याला लागला. तिथल्या लोकांनी त्याला उतरू दिलं नाही, खडकावरून दोरी सोडून हवा तो माल घेतला, आणि निरोप म्हणून ढुंगणं दाखवून पोट धरून हसले. बिचाऱ्याने त्या किनाऱ्याला दुष्ट लोकांचा मुलूख असं नावच देऊन टाकलं. पहिली हकिकत लिहिली रोबेर द क्लारी नावाच्या शिलेदाराने, जो तटाखाली उभा होता, दुसरी वेराझानोने. म्हणजे दोन्हीकडे लिहिणारा कोण, तर बघणारा! दाखवणारा काय लिहिणार? त्याने गुडघे पाहिले.

१९८३ मध्ये न्यूझीलंडमध्ये डन मिहाका हा माओरी कार्यकर्ता ब्रिटनच्या युवराजांना हाच प्रसाद द्यायला निघाला होता, पण त्याला खोडी म्हणणं बरोबर नाही. माओरींमध्ये, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये, हा फार जुना, विचारपूर्वक केलेला अपमान आहे. त्याला काही म्हणायचं होतं. आम्हाला फक्त गाद्यांचं वाईट वाटलं होतं.

मला खरा हेवा वाटतो तो कॅलिफोर्नियातल्या लगुना निगेलच्या लोकांचा. १९७९ मध्ये तिथल्या बारमध्ये एकाने पैज लावली, की पुढच्या आगगाडीला जो चंद्र दाखवेल त्याला मी पेय पाजीन. त्यातून जुलैच्या दुसऱ्या शनिवारी रुळांच्या कडेला रांगा लावून उभं राहायची प्रथाच पडली. जाणाऱ्या गाडीचा केवढा फायदा! बघणारा पुढच्या स्टेशनावर उतरतो, दुसऱ्या दिवशी परेड घ्यायला परत येत नाही.

परवा एका समारंभात सर भेटले. खूप थकलेत. मी म्हटलं, “सर, मी तुमच्या हॉस्टेलवर होतो.” त्यांनी चष्मा पुसला, माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “चेहरा काही आठवत नाही रे.”

मी निरोप घेतला आणि उलट्या पावलांनी दारापर्यंत गेलो. वाटेत दोन खुर्च्या पडल्या. त्या मी वाकून उचलल्या नाहीत.