खुलासा : पद्मिनीच्या काचेला ग्रीस नको

जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीची पुढची काच बसवताना काचेभोवतीच्या रबराला ग्रीस चोळा आणि कडेने सिलिकॉन भरा, म्हणजे मुंबईच्या पावसात थेंबही आत येणार नाही, असा मेसेज सध्या फिरतो आहे. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

ग्रीस सहसा खनिज तेलाचं असतं. त्याने रबर फुगतं, मऊ पडतं. काच सरकवायला साबणाचं पाणी पुरतं, आणि ते वाळूनही जातं. रबर आधी काचेवर चढवायचं, बाहेरच्या खाचेत सुतळी फिरवायची, टोकं गाडीच्या आत ठेवायची. एकाने बाहेरून तळहाताने दाबायचं, दुसऱ्याने आतून सुतळी हळूहळू ओढायची; रबराची कड पत्र्यावर आपोआप चढते. स्क्रूड्रायव्हरने ढोसलंत तर काच गेलीच म्हणून समजा.

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर नकोच. सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, उघड्या पत्र्याला गंज लागतो. कुर्ल्यात बनलेल्या या गाड्यांचा पत्रा आधीच आपल्या खाऱ्या हवेने पोखरलेला! गळतीचं मूळ बहुतेकदा तिथेच, चौकटीच्या गंजात असतं. तो खरवडून, प्रायमर मारून मगच नवं रबर घाला.