‘बारा व्होल्टने काय होणार आहे?’ : कार्ड रीडरविषयीच्या एका फिरत्या संदेशाला उत्तर

बडोद्यातील मराठी ठेकेदार, वायरमन आणि कारखान्यांतील मेंटेनन्सची मंडळी ज्या व्हॉट्सॲप गटांवर असतात, तेथे कार्ड रीडरविषयीचा एक संदेश सध्या जोरात फिरतो आहे. त्याचा आशय असा : नंदेसरी, रणोली, कोयली या पट्ट्यातील कारखान्यांत ज्वलनशील वायूच्या क्षेत्रातील दारावर कार्ड रीडर लावायचा असेल, तर त्यासाठी महागडा प्रमाणित रीडर घेणे ही उधळपट्टी आहे. रीडर बारा व्होल्टवर चालतो, त्यात ठिणगी पडत नाही. तेथे साधे पुश बटण चालते, मग रीडर का चालू नये? तरीही मन खात असेल तर तो धूळ-पाणी रोखणाऱ्या आयपी ६५ च्या किंवा आतला स्फोट आतच रोखणाऱ्या फ्लेमप्रूफ डब्यात बसवावा. त्याहून खात्री हवी असेल तर पॅनेलमध्ये झेनर बॅरिअर, म्हणजे व्होल्ट व प्रवाह मर्यादित करणारा घटक, टाकावा. आणि क्षेत्र झोन २, म्हणजे वायू क्वचितच येणारे, असेल तर यातले काहीच नको, सीईचा युरोपीय शिक्का पुरे. शेवटी पावसापासून बचाव म्हणून वरून प्लॅस्टिकचे झाकण लावण्याची सूचनाही आहे.

हा संदेश कोणा अडाण्याने लिहिलेला नाही. त्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्याची सुरुवात खरी आहे आणि म्हणूनच कामातली माणसेही तो पुढे पाठवतात. म्हणून त्यातील मुद्दे एकेक करून तपासले पाहिजेत.

पहिला मुद्दा बारा व्होल्टचा. बारा व्होल्टने माणसाला झटका बसत नाही, हे खरे. परंतु वायूला पेट घेण्यासाठी व्होल्ट लागत नाहीत, ऊर्जा लागते, आणि तीही आपल्या कल्पनेपेक्षा फार थोडी. हवेत योग्य प्रमाणात मिसळलेला प्रोपेन सुमारे ०.२५ मिलिज्यूलच्या ठिणगीने पेटतो, इथिलीनला सुमारे ०.०७ मिलिज्यूल पुरतात आणि हायड्रोजनला सुमारे ०.०२. आता रीडरच्या आत पाहावे. पुरवठा स्थिर राहावा म्हणून तेथे कपॅसिटर असतो. तो समजा १०० मायक्रोफॅरडचा असेल आणि बारा व्होल्टला भरलेला असेल, तर त्यात ७.२ मिलिज्यूल ऊर्जा साठलेली असते, म्हणजे हायड्रोजनला लागते त्याच्या सुमारे ३६० पट. नेहमीच्या चालू स्थितीत ती ठिणगीच्या रूपाने बाहेर येत नाही, इतपत संदेशाचे म्हणणे मान्य करता येईल. परंतु टर्मिनलमधून तार सैल झाली, कोणी चालू स्थितीतच प्लग उपटला किंवा फोर्कलिफ्टखाली केबल चिरडली गेली, तर तीच ऊर्जा एका क्षणात मोकळी होते. धोकादायक क्षेत्राचे नियम नेहमीच्या दिवसासाठी लिहिलेले नसून बिघाडाच्या दिवसासाठी लिहिलेले आहेत.

हायड्रोजनचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. बडोद्याच्या आसपास तो अपवादाने आढळणारा वायू नाही. कॉस्टिक सोडा तयार करताना क्लोरीनबरोबर हायड्रोजन निघतोच आणि रिफायनरीत इंधनातील गंधक काढण्यासाठी तो वापरला जातो. वायूंच्या वर्गवारीत प्रोपेन आयआयए गटात, इथिलीन आयआयबी गटात आणि हायड्रोजन आयआयसी या सर्वांत कडक गटात येतो. गंमत अशी की तापमानाच्या वर्गात हाच हायड्रोजन सर्वांत सैल, म्हणजे टी १ मध्ये बसतो. कारण तापलेल्या पृष्ठभागाने पेटायला त्याला ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. ठिणगीने पेटणे आणि उष्णतेने पेटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रीडरवरील खुणेत त्या दोन्ही वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. टी ४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर जाणार नाही, टी ६ म्हणजे ८५ च्या वर जाणार नाही. केवळ ‘टी ६ आहे, म्हणजे सर्वांत चांगला’ असे म्हणून आयआयबीचा रीडर हायड्रोजनच्या दारावर लावणारेही भेटतात.

याच मुद्द्याशी जोडलेली एक गोष्ट संदेशात नाही, पण त्याखालील चर्चेत नेहमी निघते : रीडरच्या रेडिओ लहरींनी वायू पेटेल का? येथे मात्र भीती बहुतेक अनाठायी आहे. अशा क्षेत्रातील उपकरणांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात (आयईसी ६००७९) आयआयसी गटासाठीही २ वॉटपर्यंतच्या रेडिओ शक्तीला मुभा आहे, आणि दारावरचा जवळून वाचणारा रीडर त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतो. लहरींची चर्चा रंगते आणि त्याच दारावरच्या विद्युत कुलुपाकडे कोणी पाहत नाही, हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे झाले. कुलपात तारेचे वेटोळे असते. त्यातून वाहणारा अर्धा अँपिअर एकाएकी तुटला की बारा व्होल्टच्या मंडलातही (सर्किटमध्येही) क्षणभर शेकडो व्होल्ट उसळतात. रीडर प्रमाणित आणि कुलूप बाजारातले साधे, ही जोडी पाहायला मिळते, आणि ती पाहून इन्स्पेक्टरने काम थांबवले तर ठेकेदाराला नवल वाटते.

पुश बटणाची तुलना ऐकायला सयुक्तिक वाटते. मानकाने बटण, लिमिट स्विच, थर्मोकपल अशा साध्या साधनांना खरोखरच सवलत दिली आहे. ही साधने इन्ट्रिन्सिक सेफ मंडलात, म्हणजे बिघाड झाला तरी वायू पेटणार नाही इतकी ऊर्जा मर्यादित ठेवलेल्या मंडलात, स्वतंत्र प्रमाणपत्राशिवाय वापरता येतात, कारण ती ऊर्जा साठवत नाहीत, आणि निर्माण करत असतील तर ती १.५ व्होल्ट, १०० मिलिअँपिअर आणि २५ मिलिवॉट या मर्यादांच्या आत असते. परंतु ही सवलत योग्य त्या मंडलातील बटणाला आहे, कोणत्याही बटणाला नाही. आणि रीडरमध्ये मायक्रोप्रोसेसर, अँटेनाचे वेटोळे, बझर आणि कपॅसिटर असतात. त्याला साधे साधन म्हणणे मानकाच्या कोणत्याही वाचनात बसत नाही.

आता डब्याकडे वळू. आयपी ६५ याचा अर्थ एवढाच की आत धूळ जात नाही आणि पाण्याचा फवारा मारला तरी पाणी शिरत नाही. स्फोटाविषयी तो आकडा एक अक्षरही बोलत नाही. फ्लेमप्रूफ डब्याची कल्पना तर याच्या अगदी उलट आहे : वायू डब्यात शिरणार, हे तेथे गृहीतच धरलेले असते. आत स्फोट झाला तरी डबा फुटू नये आणि झाकणाच्या यंत्रावर तासलेल्या कडांमधील अरुंद फटीतून बाहेर येताना ज्वाला इतकी थंड व्हावी की बाहेरचा वायू पेटू नये, यावर तो उभा असतो. म्हणूनच त्या कडांवर ओरखडा, रंग किंवा घट्ट होणारे सीलंट चालत नाही, एकही बोल्ट कमी चालत नाही, ग्लँडचे (केबल डब्यात घेणाऱ्या जोडाचे) किमान ५ पूर्ण आटे बसावे लागतात आणि न वापरलेल्या छिद्रात प्लॅस्टिकचे बूच नव्हे, तर प्रमाणित प्लगच हवा.

परंतु रीडरच्या बाबतीत अडचण आणखी मुळाशी आहे. १३.५६ मेगाहर्ट्झचे असो की १२५ किलोहर्ट्झचे, रीडरचे चुंबकीय क्षेत्र ॲल्युमिनियमच्या झाकणापलीकडे कार्डापर्यंत पोहोचत नाही. धातूत भोवरा प्रवाह उठतात आणि क्षेत्र तेथेच विरते. मग पुढची युक्ती ठरलेली असते. नंदेसरीतील एका पंपघराच्या दारावर असा डबा पाहण्यात आला : फ्लेमप्रूफ जंक्शन बॉक्सच्या झाकणाला चौकोनी भोक पाडलेले, त्यावर ॲक्रिलिकचा तुकडा पांढऱ्या सिलिकॉनने चिकटवलेला, आणि शेजारीच मूळ उत्पादकाची प्रमाणपत्र-क्रमांकाची पाटी रिव्हेट मारून दिमाखात तशीच. पाटीवर उल्लेखलेला डबा आता अस्तित्वात नव्हता. फक्त पाटी उरली होती. काचेची खिडकी असलेले प्रमाणित फ्लेमप्रूफ रीडर मिळतात, परंतु त्यांची खिडकी, तिची जाडी आणि तिचा जोड चाचणीतून गेलेला असतो. शिवाय रिकाम्या डब्याच्या प्रमाणपत्र-क्रमांकापुढे ‘यू’ हे अक्षर असेल, तर तो केवळ एक भाग आहे, पूर्ण उपकरण नाही. त्यात आपल्या मनाने रीडर बसवला, तर त्या जोडणीला कोणाचेच प्रमाणपत्र लागू होत नाही. ‘एक्स’ असेल, तर वापराच्या विशेष अटी आहेत, आणि त्या प्रमाणपत्राच्या आतल्या पानावर असतात, पाटीवर नसतात.

संदेशातील सर्वांत फसवा सल्ला बॅरिअरचा आहे, कारण तो देणाऱ्याला थोडे फार कळते. झेनर बॅरिअर सुरक्षित क्षेत्रातील पॅनेलमध्ये बसतो आणि त्यापलीकडे जाणारे व्होल्ट व प्रवाह मर्यादित करतो. परंतु साध्या रीडरपुढे तो लावला, तर प्रथम रीडरच बंद पडतो. अगदी प्रचलित असा २८ व्होल्ट, ३०० ओहमचा बॅरिअर घ्या. २४ व्होल्टचा पुरवठा देऊन रीडरच्या जागी थेट शॉर्ट केला तरी त्यातून ८० मिलिअँपिअरच वाहतात; रीडरला बारा व्होल्ट मिळावेत असे म्हटले, तर ४० पेक्षा जास्त मिळत नाहीत. १०० मिलिअँपिअर मागणारा रीडर त्यावर चालणे शक्यच नाही. मग शटडाउन संपत आलेला असतो, वरून फोन येत असतो, आणि कोणीतरी ‘फक्त पुरवठ्याची तार’ बॅरिअरला वळसा घालून जोडतो. डेटाच्या दोन तारा बॅरिअरमधून आणि पुरवठा सरळ, ही रचना कागदावर बॅरिअर दाखवते आणि प्रत्यक्षात काहीच करत नाही.

समजा रीडर कमी प्रवाहाचा निघाला आणि चालला, तरी प्रश्न सुटत नाही. बॅरिअर फक्त आत जाणारी ऊर्जा मोजून देतो. आत साठणाऱ्या ऊर्जेवर त्याचा ताबा नसतो. म्हणून प्रत्येक बॅरिअरच्या प्रमाणपत्रात बाहेर किती कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) चालेल ते लिहिलेले असते. २८ व्होल्टच्या बॅरिअरसाठी आयआयसी गटात ती मर्यादा ८३ नॅनोफॅरड आहे, आयआयबीत ६५०. वर घेतलेला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर म्हणजे १,००,००० नॅनोफॅरड. साध्या रीडरचा उत्पादक हा आकडा देतच नाही, त्यामुळे हिशेब मांडायलाच जागा उरत नाही. याउलट प्रमाणित रीडरच्या कागदावर तो किती व्होल्ट, किती प्रवाह, किती शक्ती सहन करतो आणि त्याचा अंतर्गत कपॅसिटन्स व इंडक्टन्स किती, हे सर्व दिलेले असते, आणि ते बॅरिअरच्या आकड्यांशी जुळवून पाहायचे असते.

त्या हिशेबात केबलही येते. केबलचे आकडे माहीत नसतील, तर मीटरमागे २०० पिकोफॅरड धरावेत, अशी मानकाची सोय आहे. ३०० मीटर केबलचे ६० नॅनोफॅरड होतात, म्हणजे ८३ पैकी रीडरसाठी २३ उरतात. ५०० मीटर केली, तर केबल एकटीच १०० नॅनोफॅरडवर जाऊन मर्यादा ओलांडते. रीडरचा डेटा पॅनेलकडे नेणारी वीगँड जोडणी साधारण १५० मीटरपर्यंतच भरवशाची असल्याने तेथे हा प्रश्न सहसा येत नाही; परंतु आरएस-४८५ या लांब पल्ल्याच्या डेटा जोडणीवर १२०० मीटरपर्यंत जाता येते म्हणून कोणी लांब केबल ओढली, तर डेटा उत्तम पोहोचेल आणि मंडल मात्र सुरक्षित राहणार नाही. केबल निळी असणे, ती २३० व्होल्टच्या केबलबरोबर एकाच पाइपात न घालणे आणि जंक्शन बॉक्समध्ये दोन्ही प्रकारच्या टर्मिनलमध्ये ५० मिलिमीटर अंतर ठेवणे, या गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात. ठाऊक नसते ते अर्थिंग. झेनर बॅरिअरच्या पट्टीपासून मुख्य अर्थ बिंदूपर्यंतचा जोड १ ओहमपेक्षा कमी हवा; अर्थपिटाचा (जमिनीत पुरलेल्या अर्थिंगचा) रोध मोजून तो आकडा येथे लिहिणे म्हणजे दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देणे. ही कटकट नको असेल, तर दोन बाजूंची मंडले एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या तोडणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर घ्यावा. तो महाग असला, तरी बडोद्यासारख्या ठिकाणी, जेथे जुन्या प्लांटला नवे पॅनेल जोडत जोडत अर्थिंगचा गुंता झालेला असतो, तेथे तोच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

झोन २ आणि सीईविषयी थोडक्यात. झोन २ म्हणजे नेहमीच्या कामकाजात वायू येण्याची शक्यता कमी आणि आला तर थोडाच वेळ. त्यामुळे तेथे संरक्षणाचे सौम्य प्रकार चालतात, परंतु संरक्षणच नको, असे कोठेही म्हटलेले नाही. सीई हा युरोपीय बाजारासाठीचा शिक्का आहे आणि साध्या टोस्टरवरही तो असतो. आपल्याकडे पेट्रोलियमच्या धोकादायक क्षेत्रातील विद्युत उपकरणांना पेट्रोलियम नियम, २००२ नुसार मुख्य स्फोटक नियंत्रकांची, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची) मान्यता लागते. युरोपचे प्रमाणपत्र हाती असले, तरी ही पायरी गाळता येत नाही. आणि प्रमाणपत्र वाचताना आणखी एक ओळ पाहावी : सभोवतालचे तापमान वेगळे लिहिलेले नसेल, तर उणे २० ते ४० अंश एवढेच धरले जाते. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात तापलेला रीडर तर त्याहून पुढे जातो. तेव्हा ५० किंवा ५५ अंशांपर्यंत प्रमाणित असलेलाच घ्यावा.

प्लॅस्टिकचे झाकण हा संदेशातील सर्वांत निरुपद्रवी दिसणारा भाग. कोरड्या फडक्याने पुसल्यावर प्लॅस्टिकवर स्थिर विद्युत साठते, म्हणून झोन १ मध्ये, म्हणजे नेहमीच्या कामकाजातही अधूनमधून वायू येऊ शकतो अशा क्षेत्रात, आयआयसी गटासाठी विशेष उपाय नसलेला उघडा प्लॅस्टिक पृष्ठभाग २० चौरस सेंटिमीटरपुरता, आणि आयआयए व आयआयबीसाठी १०० चौरस सेंटिमीटरपुरता मर्यादित ठेवला आहे. तळहाताएवढे झाकण पहिली मर्यादा सहज ओलांडते. अनेक प्रमाणित रीडरवर ‘फक्त ओल्या फडक्याने पुसावे’ अशी बारीक अक्षरांची पट्टी असते, ती याचसाठी.

या सगळ्यात संदेशाची एक तक्रार खरी आहे : प्रमाणित रीडर, आयसोलेटर, प्रमाणित कुलूप आणि ग्लँड यांचा एकत्र खर्च साध्या रीडरच्या कितीतरी पट होतो. त्यावर उपाय आहे, पण तो स्वस्त रीडरचा नाही. हजेरीसाठी लावलेल्या बहुतेक रीडरना पंपघराच्या दारावर असण्याचे काहीच कारण नसते; धोकादायक क्षेत्राच्या हद्दीबाहेरील फाटकावर साधा रीडर लावला, तरी कोण आत गेले आणि कोण बाहेर आले, ही नोंद तशीच मिळते. आगीच्या वेळी आत किती माणसे आहेत हे मोजायचे असेल, तर हद्दीवरचा रीडर उलट अधिक उपयोगाचा. हद्द कोठे आहे, हे कारखान्याच्या क्षेत्र-वर्गीकरणाच्या नकाशात आखलेले असते. तो नकाशा सेफ्टी विभागाच्या कपाटात राहतो आणि ठेकेदाराच्या हाती पडते ती केवळ पर्चेस ऑर्डर. म्हणून कोटेशन देण्यापूर्वीच नकाशाची प्रत मागावी, आणि ती मिळेपर्यंत रीडरची जागा ठरवू नये.