रेषा नाहीत, म्हणजे पदार्थच नाही?

आमच्या जळगावकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'आकाशात असे गोळे सापडलेत ज्यांच्या प्रकाशात एकाही मूलद्रव्याची खूण नाही. त्यांचं अंतर कुणालाच सांगता येत नाही. त्यांचा झोत पृथ्वीवर रोखलाय, आणि शास्त्रज्ञ हे लपवतात.' चोपड्याच्या मेव्हण्याने तो पाठवून विचारलं, "हाई खरं शे का?"

गोळे खरे आहेत. बीएल लॅसर्टी प्रकारच्या सक्रिय दीर्घिका म्हणतात त्यांना, म्हणजे ज्यांच्या केंद्रातून प्रचंड ऊर्जा बाहेर पडते अशा दीर्घिका. बाकीचं बघू.

मूलद्रव्याची खूण नाही: प्रकाश रंगांमध्ये फोडला की जो पट्टा मिळतो तो वर्णपट. त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरावीक रेषा उमटतात, हीच ती खूण. पण लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लालभडक फाळाच्या वर्णपटातही रेषा नसतात. म्हणून तो लोखंडाचा नाही असं कुणी म्हणतं का? इथलं कारण मात्र निराळं. केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराजवळून सुटलेल्या झोतात इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने चुंबकीय क्षेत्राभोवती फिरतात. त्या प्रकाशाला मुळातच रेषा नसतात. शिवाय झोताचं तोंड आपल्याकडे असल्याने तो कैकपट उजळ दिसतो आणि ताऱ्यांच्या, वायूच्या रेषा त्यात दिपून जातात. रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी भरायला जाणाऱ्याला हे सांगायला नको. बांधावरून कुणी तोंडावर बॅटरी मारत आला, की नुसता उजेड दिसतो, माणूस नाही.

अंतर कळत नाही: अशा वेळी आपण काय करतो? हात आडवा धरतो. ओक आणि गन या खगोलशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये अमेरिकेतल्या पालोमारच्या दुर्बिणीवर हेच केलं. जिच्यावरून या प्रकाराला नाव पडलं त्या खुद्द बीएल लॅसर्टीचा झगझगीत मध्य झाकला आणि भोवतालच्या अंधूक प्रकाशाचा वर्णपट घेतला. रेषा सापडल्या. त्या लाल रंगाकडे किती सरकल्यात (रेडशिफ्ट) यावरून अंतर काढतात. इथे रेडशिफ्ट 0.07, म्हणजे अंतर सुमारे 90 कोटी प्रकाशवर्षं. गंमत म्हणजे 1929 मध्ये हॉफमाइस्टर या खगोलशास्त्रज्ञाने हिची नोंद रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा तारा म्हणून केली होती. पुढे 1995 मध्ये तर हिच्या केंद्राच्या वर्णपटातच हायड्रोजनची ठळक रेषा उमटली. काहींचं अंतर आजही मिळालेलं नाही, तेवढा भाग मेसेजमध्ये बरोबर.

पृथ्वीवर रोखलाय: वेगवेगळ्या दीर्घिकांचे झोत वेगवेगळ्या दिशांना असतात. ज्यांचं तोंड दुसरीकडे, त्या आपल्याला रेडिओ दीर्घिका म्हणून दिसतात. आणि ज्यांचं तोंड आपल्याकडे, त्यांचे गॅमा किरण वातावरणातच अडतात. तिथे उठणाऱ्या क्षीण निळ्या चमका टिपायला लडाखमध्ये हानलेला 21 मीटरची मेस दुर्बीण उभी आहे.

लपवतात: स्लोन या आकाश-सर्वेक्षणातून 2005 मध्ये अशा दीर्घिका असू शकतील अशा 386 उमेदवारांची यादी छापली गेली. आपल्याच दीर्घिकेतले काही श्वेतबटू (विझत आलेले लहान तारे) हेही रेषाहीन असतात आणि यादीत घुसतात. ते जवळ असल्याने तारकांच्या पार्श्वभूमीवर हळूहळू सरकतात, दीर्घिका सरकत नाहीत. ही चाळणी लावली, रंगही तपासले. तरी 386 पैकी 146 बहुधा तारेच असावेत, हे त्याच निबंधात कर्त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.