व्हाळाची तब्येत टीडीएस मीटरला कळत नाही

गेले काही दिवस गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक व्हिडिओ फिरतो आहे. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) दाखवणारा मीटर बुडवलेला, आकडा ३२, आणि खाली मजकूर: 'तळातला खडा न खडा दिसतो. टीडीएस बाटलीतल्या पाण्याहून कमी. मासे खेळतात. वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं. तपासणीचा अहवालही चांगला आला. आमचे व्हाळ ठणठणीत आहेत, खुशाल प्या.' पाठवणाऱ्यांची माया खरी आहे. पण ठणठणीत म्हटलं की त्या व्हाळाकडे कोणी वळून बघत नाही, म्हणून हे उत्तर.

आधी तो आकडा. मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू, कीटकनाशक, तेल यांचा त्याला पत्ताही लागत नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभ्यातले क्षार केव्हाच धुऊन गेलेले आहेत. त्यामुळे इथल्या डोंगरी व्हाळांत आकडा कमीच येणार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे ३२ चे ७० झाले तरी पाणी 'उत्तम'च ठरेल. पण जिथे कायम तीसच्या आसपास असायचे, तिथे ७० झाले तर वरच्या अंगाला काहीतरी मिसळू लागलं आहे असं समजून शोध घ्यायला हवा.

नितळपणाचं थोडक्यात सांगतो. खाणपट्ट्यातल्या किंवा डोंगर कापलेल्या भागातल्या व्हाळाचं पाणी डिसेंबरात नितळ होतं, पण दगड उचलला की खाली पावसाळ्यात आलेला लाल गाळ. दगडांमधल्या फटी बुजल्या की तिथे राहणाऱ्या जिवांचं घरच गेलं. उलट दाट राईतून येणारं पाणी कुजलेल्या पानांमुळे कोऱ्या चहासारखं दिसतं, आणि तो व्हाळ मात्र निरोगी असू शकतो.

आता मासे. व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला. दिसतात ते बहुतेक गप्पी, डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून ठिकठिकाणी सोडलेले, मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे. प्राणवायू कमी पडला की ते पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून श्वास घेऊन तगतात. गटारातही जगणारा मासा व्हाळाच्या तब्येतीची साक्ष कशी देणार? खळाळत्या पाण्यात दगडाला धरून राहणारे मासे तिथे आहेत का, मृगाच्या पावसात चढणीचे मासे अजून वर येतात का की मधल्या बंधाऱ्यापाशी अडतात, हे विचारायला हवं.

त्याहून बोलके साक्षीदार दगडाखाली असतात: उडणाऱ्या किड्यांची पाण्यात वाढणारी पिल्लं. दगड उलटा करा. चपटं अंग, पोटाच्या कडेला हलणारे कल्ले, मागे बहुधा तीन शेपट्या: ते मेफ्लायचं पिल्लू. दोन शेपट्यांचं स्टोनफ्लायचं. वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे चिकटवून घर बांधणारी अळी कॅडिसफ्लायची. यांतले बहुतेक प्राणवायूचे भुकेले. पाणी बिघडलं की आधी हेच जातात. मागे राहतात लाल अळ्या आणि चिखलातले बारीक लाल किडे. ब्रिटनमध्ये १९८०च्या सुमारास यावरूनच गुणांची पद्धत बसवली गेली: नाजूक कुळाला १० पर्यंत, चिवट कुळाला १ पर्यंत उतरते गुण. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही तशी पद्धत भारतातल्या पाण्यांसाठी जुळवून घेतली आहे.

अहवालाचं उत्तरही यातच आहे. बाटली भरली त्या घटकेचंच पाणी तपासलं जातं. रविवारी कोणी फवारणीचा पंप व्हाळात धुतला तर मंगळवारी पाणी स्वच्छ निघेल, पण ही पिल्लं पुढे कित्येक आठवडे दिसणार नाहीत. शिवाय बाटली भरली केव्हा? शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी प्राणवायू भरपूर असतो आणि पहाटे सर्वांत कमी. मोजायचा तर उजाडण्याआधी मोजा.

राहिलं वाहतं पाणी. सांडपाणी पचवणारे जिवाणू प्राणवायू खातात आणि खडकांवरून उसळणारं पाणी तो परत मिळवतं, इथपर्यंत म्हणणं बरोबर आहे. पण आपला बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो. जुलैत जी घाण वाहून जाते, तीच एप्रिलच्या बारीक धारेला झेपत नाही. गाळ आणि कितीतरी कीटकनाशकं तर तशी पचतच नाहीत.

आणि 'खुशाल प्या'? निरोगी व्हाळाचं पाणीही न उकळता पिऊ नये. रानातली जनावरं तिथेच पाणी पितात, तिथेच मुततात. लेप्टोस्पायरोसिस असाच पसरतो.

ज्यांनी व्हिडिओ केला त्यांनी जानेवारीत त्याच जागी यावं. बारीक जाळं आणि पांढरा ट्रे मी आणतो. जाळं प्रवाहात धरायचं, वरच्या बाजूचे दगड तीन मिनिटं पायाने ढवळायचे, ट्रेमध्ये काय आलं ते मोजून सगळं परत सोडायचं. आधी वस्तीच्या वर, राईपाशी, मग वस्तीच्या खाली. दोन्ही याद्या शेजारी ठेवू आणि त्यांचा फोटो त्याच गटात टाकू.