‘गाडी थांबली नाही’

काही वर्षं मी एका वृत्तवाहिनीत रात्रपाळी केली. पडद्याच्या तळाशी जी पट्टी सरकत असते ना, ती लिहायचं काम. सात-आठ शब्दांत बातमी बसवायची आणि पुढची कॉपी उघडायची. त्या काळात मी लिहिलेली एक ओळ अजून माझा पिच्छा सोडत नाही, म्हणून आज हे लांबलचक लिहिते आहे.

4 डिसेंबर 2021. नागालँडच्या मोन जिल्ह्यातलं ओटिंग गाव. कोळशाच्या खाणीतले आठ मजूर संध्याकाळी पिकअपमध्ये बसून घरी निघाले होते. दबा धरून बसलेल्या लष्कराच्या पथकाने त्या गाडीवर गोळ्या झाडल्या आणि सहा जण मेले. नंतर उसळलेल्या रागात आणखी गोळीबार झाला. दुसऱ्या दिवसापर्यंत मेलेल्या नागरिकांचा आकडा 14 झाला होता, एक जवानही गेला. सोमवारी गृहमंत्री अमित शहांनी लोकसभेत निवेदन केलं. गाडीला थांबण्याचा इशारा केला होता, पण ती वेगाने निघून जायला लागली, असं त्यात होतं. ओळख पटवण्यात चूक झाली, हेही त्याच निवेदनात होतं आणि सरकारने खेदही व्यक्त केला होता. मी पट्टी लिहिली : ‘इशारा देऊनही गाडी थांबली नाही : गृहमंत्री’. ती रात्रभर फिरली.

वाचलेल्या दोघांपैकी एकाचं म्हणणं नंतर छापून आलं. तो दिब्रुगडच्या इस्पितळात होता. कुणी इशारा केला नाही, थेट गोळ्याच आल्या, असं तो सांगत होता. मी ती कॉपी घेऊन शिफ्टच्या प्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, “आता जुनी झाली गं, रनडाऊन भरलाय.” रनडाऊन म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांची यादी. माझी ओळ दर दोन मिनिटांनी फिरली. त्याची एकदाही नाही.

तेव्हापासून मी या वाक्याकडे नीट बघायला लागले. ‘गाडी थांबली नाही.’ यात कर्ता गाडी आहे. आत कोण बसलं होतं, चालवणाऱ्याला काय दिसलं, काय ऐकू आलं, याचा पत्ताच नाही. आणि लगेच पुढचं वाक्य, ‘गोळीबार झाला’. पाऊस झाला, गारपीट झाली, तसा गोळीबार झाला. गाडीने काहीतरी केलं आणि मग आपोआप काहीतरी घडलं. आपल्या भाषेत ही सोय आहे आणि आम्ही डेस्कवरची माणसं ती रोज वापरतो.

हे वाक्य जगभर सारखंच आहे. इराकमध्ये अमेरिकी सैन्याने ते इतक्या वेळा वापरलं की तो जणू छापील फॉर्मच झाला होता.

सैनिकाची भीती खोटी नसते, हे आधी सांगायलाच हवं. 29 मार्च 2003 ला नजफजवळ एका टॅक्सीचालकाने लष्कराच्या तपासणी नाक्यावर स्वतःसकट गाडी उडवून दिली आणि चार अमेरिकी सैनिक मेले. त्यानंतर नाक्यावर उभ्या असलेल्या विशीतल्या पोराला समोरून येणारी प्रत्येक गाडी बॉम्बच वाटणार. ताशी 60 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात सतरा-एक मीटर पुढे येते. शंभर मीटरवर दिसली तर त्याच्या हातात सहा सेकंद असतात.

पण ते सहा सेकंद चालकाच्याही वाट्याला आलेले असतात, आणि ते आपल्याला कुणी दाखवत नाही. त्याच्या जागी बसून बघा. संध्याकाळ झाली आहे, रस्त्यावर दिवे नाहीत. काल इथे नाका नव्हता. धुळीच्या रंगाची वाहनं धुळीतच उभी आहेत. लांब कुणीतरी हात वर करतं आहे, पण तो हात ‘थांब’ म्हणतोय की ‘ये’, ते काचेतून कळत नाही. मागे पोरं गलका करताहेत. तेवढ्यात गोळी सुटते. सैनिकाच्या लेखी ती इशाऱ्याची गोळी. ज्या देशात कोण कुणावर कधी गोळी झाडेल याचा नेम नाही, तिथे चालकाच्या लेखी ती फक्त गोळी. अशा वेळी माणूस काय करतो? पाय अॅक्सिलरेटरवर दाबतो, तिथून सुटायला बघतो. आणि मग अहवालात लिहिलं जातं की इशारा देऊनही गाडी थांबली नाही, उलट वेग वाढवला. एका अर्थी ते खरंही असतं. म्हणूनच त्या वाक्याची मला जास्त भीती वाटते.

नजफनंतर दोनच दिवसांनी, 31 मार्चला, करबलाजवळच्या नाक्यावर बायका-मुलांनी भरलेल्या एका गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. लष्कराने सात जण मेल्याचं सांगितलं आणि सैनिकांनी संयम राखला, आधी इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या, असं म्हटलं. पण ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे विल्यम ब्रॅनिगन त्या तुकडीबरोबरच होते. त्यांनी दहा मृत्यू लिहिले. त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली : तुकडीचा कॅप्टन आपल्याच माणसांवर ओरडत होता, की इशाऱ्याची गोळी वेळेवर न झाडल्यामुळे तुम्ही एक अख्खं कुटुंब मारलंत. हे आपल्यापर्यंत आलं, कारण एक बातमीदार ऐकू येईल इतक्या अंतरावर उभा होता. जिथे असं कुणी नव्हतं, तिथे फक्त निवेदन उरलं.

त्या युद्धात शेकडो पत्रकार सैन्याच्या तुकड्यांबरोबर राहून, फिरून वार्तांकन करत होते. त्यातल्या अनेकांनी प्रामाणिकपणे काम केलं, ब्रॅनिगनही त्यातलेच. तरी टीव्हीचा कॅमेरा बंदुकीच्या नळीच्या मागे उभा असतो, हे त्यातून सुटत नाही. रात्रीच्या दुर्बिणीतली हिरवी चित्रं, रेडिओवरचे आवाज, वाळूच्या पोत्यांआडून दिसणारा रस्ता. बघणारा आपसूक पोत्यांच्या अलीकडचा होतो. समोरून येणाऱ्या गाडीत आजवर कुठल्या वाहिनीचा कॅमेरा होता?

18 जानेवारी 2005 ला इराकमधल्याच ताल अफरमध्ये ख्रिस हॉन्ड्रॉस हा छायाचित्रकार गस्तीच्या तुकडीबरोबर चालत होता. अंधार पडत होता. एक गाडी समोरून आली, इशारा झाला, गाडी थांबली नाही, गोळ्या सुटल्या. गाडी घरंगळत जाऊन थांबली आणि आतून पोरांच्या रडण्याचा आवाज यायला लागला. पुढे बसलेले आईवडील मेले होते. हॉन्ड्रॉसच्या एका फोटोत एक लहान मुलगी उकिडवी बसून किंचाळते आहे. तळहातांवर, कपड्यांवर रक्त. शेजारी सैनिकाचे फक्त पाय आणि बंदूक दिसतात. तो फोटो जगभर गेला. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती पट्टी लिहिणारी मी नव्हते, तरी का कोण जाणे, माझी नजर त्या मुलीच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या उघड्या तळहातांवर खिळून राहिली. टीव्हीवर असं चित्र आलं तरी ते काही सेकंदांत निघून जातं. स्थिर फोटो तुम्हाला सोडत नाही.

2010 मध्ये इराक युद्धाच्या जवळजवळ चार लाख लष्करी नोंदी, गुप्त कागदपत्रं बाहेर काढणाऱ्या विकिलीक्स या संस्थेने उघड केल्या. त्या चाळून पत्रकारांनी हिशेब मांडला, तेव्हा नाक्यांवर आणि अशाच प्रसंगांत मारले गेलेले नागरिक सहाशेहून जास्त निघाले. त्याच वर्षी अफगाणिस्तानातल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल मॅकक्रिस्टल यांनी आपल्याच सैनिकांना सांगितलं, की नाक्यांवर आणि ताफ्यांजवळ आपण चकित व्हावं इतक्या लोकांवर गोळ्या झाडल्या, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यातला एकही धोका निघाला नाही. हे कुणा शांततावाद्याचं भाषण नव्हतं. जो माणूस युद्ध चालवत होता, तो बोलत होता. यावर चर्चांच्या किती खिडक्या उघडल्या?

यावर उपाय आहेत, आणि ते अगदी साधे आहेत. लांबून दिसतील असे स्थानिक भाषेतले फलक, उजेड, गाडी आपोआप हळू होईल असे वळणाचे अडथळे, गोळीऐवजी डोळ्यांत येणारा प्रकाशाचा झोत. 2006 मध्ये इराकमध्ये अमेरिकी सैन्याच्या जनरल कियारेल्ली यांनी अशा प्रत्येक घटनेची नोंद आणि चौकशी करायला लावली, तेव्हा मृत्यू बरेच कमी झाले. म्हणजे तोवरचे कितीतरी मृत्यू टाळता आले असते. पण फलकाला व्हिज्युअल नाही, आणि व्हिज्युअल नाही म्हणजे बातमी नाही.

मेलेला माणूस कोण आहे, यावरही सगळं ठरतं. 4 मार्च 2005 ला बगदाद विमानतळाच्या रस्त्यावर इटलीचे गुप्तचर अधिकारी निकोला कालिपारी मारले गेले. अपहरणातून सुटलेल्या पत्रकार जुलियाना स्ग्रेना यांना ते घेऊन चालले होते, आणि त्यांना वाचवताना गोळी कालिपारींना लागली. अमेरिका म्हणाली, गाडी वेगात होती, इशारा केला होता. इटली म्हणाली, वेग बेताचा होता आणि नाका आहे हे कळायला खूणच नव्हती. दोन देशांनी दोन वेगळे अहवाल काढले. रोममध्ये सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले, कॅमेरे रांगेने उभे होते. बगदादच्या रस्त्यांवर तशाच मेलेल्या इराकी चालकाच्या घरी एखादा अधिकारी पाकीट घेऊन जायचा. एका जिवाचे जास्तीत जास्त अडीच हजार डॉलर, बहुतेक वेळा.

आपल्याकडे 2014 च्या नोव्हेंबरात काश्मीरमधल्या बडगामच्या चत्तरगाममध्ये पोरांनी भरलेल्या मारुतीवर गोळीबार झाला आणि दोन मुलं मेली. आधीच्या नाक्यांवर गाडी थांबली नाही, हेच पहिलं निवेदन होतं. काही दिवसांत लष्कराच्या उत्तर विभागाचे तेव्हाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हुडा यांनी जाहीरपणे चूक मान्य केली. वर्दीतला माणूस चूक मान्य करू शकतो, त्याने सैन्याची मान खाली जात नाही, याचा हा आपल्या घरचा पुरावा आहे. मग निवेदनावर प्रश्न विचारला की देशद्रोह, असं स्टुडिओत बसून ओरडणाऱ्यांना नेमकं कुणाचं रक्षण करायचं असतं?

ओटिंगच्या प्रकरणात नागालँड पोलिसांच्या विशेष पथकाने तपास केला. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नव्हती, असा निष्कर्ष काढला आणि 30 लष्करी कर्मचाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. केंद्राने खटल्याला परवानगी नाकारली. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई थांबवली. परवानगी पुढे कधी मिळाली तर खटला चालू शकतो, एवढी फट ठेवून.

तोवर मी ती नोकरी सोडली होती. संध्याकाळी घरी टीव्ही लावला. खालची पट्टी सरकत आली : ‘30 जवानांना दिलासा’. कुणीतरी माझ्यासारखंच खुर्चीत बसून ती लिहिली असणार. ती परत येते का म्हणून मी थांबले. दोन मिनिटांनी आली. ओटिंग हे नाव तिच्यात नव्हतं.