दिवाळीची आवराआवर आणि टाकीतलं कासव

नवरात्र संपलं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘कुणाला हवंय का?’ सुरू होतं. जुना मिक्सर, मुलांची तीनचाकी, गेल्या वर्षीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा. मला हे मनापासून आवडतं. वस्तू भंगारात जाण्याआधी एखाद्या घरात जावी. पण या यादीत अधूनमधून एखादं कासवही असतं, टाकीसकट. कुणी घेतलं नाही की सल्ला येतो, ‘पाषाण तलावात सोडून द्या, मोकळं होईल बिचारं.’ या सल्ल्यासाठीच आज एवढं लिहायला बसले आहे. कृपा करून असं करू नका.

आमची ठकी अशाच एका आवराआवरीतून आली. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाची बदली झाली, ट्रकमध्ये सामान चढलं आणि टाकी तेवढी जिन्यात राहिली. रविवारी तळ्यावर नेऊन सोडायचं ठरलं होतं. सासूबाई म्हणाल्या, “जिवंत जीव आहे तो. तळ्यात कसला टाकताय? वर आणा.” त्यानंतर आमच्या घरात चर्चा झाली नाही.

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं ते हिरवं कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. दुकानात असतं तेव्हा जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचं. ‘एवढंच राहतं’ असं सांगून विकतात, ते साफ खोटं आहे. मादी 25 ते 30 सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळलं तर कासव 20-30 वर्षं सहज जगतं. म्हणजे पहिलीतल्या मुलीच्या हट्टापायी आणलेलं कासव तिच्या लग्नापर्यंत घरात असणार, हे धरूनच आणायला हवं.

आणि तळ्यात सोडलं तर? ते मरत नाही, हीच अडचण आहे. चिवट असतं, मिळेल ते खातं, ऊन खायच्या जागा बळकावतं. आपल्या नद्या-तळ्यांत आपली कासवं आहेत. दख्खनच्या नद्यांमधलं लीथचं मऊ पाठीचं कासव तर जगात फक्त भारतीय द्वीपकल्पात सापडतं आणि तेही आता नामशेष व्हायच्या उंबरठ्यावर आहे. त्यांच्या पाण्यात हा पाहुणा सोडायचा आणि त्याला भूतदया म्हणायचं? जगातल्या सर्वात उपद्रवी 100 परक्या प्रजातींच्या यादीत स्लायडरचं नाव आहे. युरोपीय संघाने 1997 मध्येच त्याची आयात बंद केली.

मग घरात ठेवायचं कसं, हा खरा प्रश्न. आमचं घर दोन खोल्यांचं आणि त्यात दोघी हाताने काहीबाही करणाऱ्या. सासूबाई गोधड्या शिवतात, मी क्रोशाचे रुमाल आणि मण्यांची तोरणं करते. ठकीला रोज सकाळी गॅलरीतल्या उन्हात ठेवतो, अर्ध्या टबावर सावली करून. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन तिच्या कामाचं नाही. कवच मजबूत राहायला लागणारे अतिनील किरण काच अडवते. टबातून काढलं की बाई तडक हॉलकडे निघतात आणि वाटेत दिसेल ते तोंडात घालून बघतात. लोकरीचा तुकडा, टिकली, काचेचा मणी, काहीही. पोटात अडकलं तर जिवावर बेतेल.

त्यामुळे आमच्याकडे आवरणं हे दिवाळीपुरतं उरलेलं नाही. रात्री शिवण उचलताना सासूबाई चटईवरून लोहचुंबक फिरवतात, सुया मोजून उशीत टोचतात. धाग्यांचे तुकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, मणी झाकणाच्या बरण्यांत, चिंध्या रंगांप्रमाणे बोचक्यांत. मला कुणी कितीही सांगितलं की वर्षभर न वापरलेलं सगळं काढून टाकावं, तरी ते पटत नाही. जुनं लुगडं काढून टाकलं असतं तर गोधडी कशाची झाली असती? घर शोभेचं दिसावं म्हणून आवरायचं नसतं. त्यात राहणाऱ्या प्रत्येकाला बिनघोर फिरता यावं म्हणून आवरायचं, आणि त्या प्रत्येकात ठकीही आली.

कलाकुसर करणाऱ्या मैत्रिणींना एक कळकळीची विनंती. कासवाच्या पाठीवर रंगकाम, चमकी, खडे चिकटवलेले फोटो फिरत असतात. ती पाठ म्हणजे डबीचं झाकण नाही. कवचाखाली हाड आहे, कणा आणि बरगड्या त्याला जोडलेल्या आहेत, तिथे स्पर्श कळतो. रंगाने ऊन अडतं, रसायनं अंगात जाऊ शकतात. हौस असेल तर मातीचं कासव करा, रंगवा, देवापुढे ठेवा. वास्तूसाठी म्हणून हवं असेल तर पितळेचं आणा. काचेच्या वाडग्यात जिवंत कासव ठेवून घरात लक्ष्मी येते, हे मला मान्य नाही आणि कधी होणारही नाही.

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारा कासव तर घरी आणूच नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणं गुन्हा आहे. कुणाकडे दिसलं, कुठे सापडलं, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

स्वच्छतेचंही सांगते, कारण घरात लहान मुलं असतात. कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. आम्ही टब मोरीत धुतो, स्वयंपाकाच्या ओट्यावर कधीच नाही. ठकीला हात लावला की साबणाने हात धुवायचे, हा नियम पाहुण्यांच्या मुलांनाही लागू. टबातलं पाणी जास्वंदीला आणि मोगऱ्याला घालतो, कोथिंबिरीच्या कुंडीला मात्र नाही.

तुमच्याकडे कासव असेल आणि ठेवणं खरंच जमत नसेल, तर तळ्याकडे नेण्याआधी मला मेसेज करा. त्याची लांबी आणि फोटो पाठवा, सांभाळणारं घर शोधायला मी मदत करेन. ठेवणार असाल तर मोठा प्लास्टिकचा टब, चांगला फिल्टर, अतिनील किरणांचा दिवा आणि पाण्याबाहेर चढून बसायला दोन विटांवर शहाबादीचा तुकडा, एवढ्यावर सुरुवात होते. फरशीच्या कडा घासून घ्या, नाहीतर पोटाला ओरखडे येतात. पुण्यात थंडी वाढली की पाण्यात हीटर लागेल, तोही आत्ताच बघून ठेवा.